पेंटेली चालतो, मग पारसिक का नको?

बेलापूरचा भटक्या:
लेकाकडे अथेन्सला गेलो होतो, तेव्हा पेंटेली डोंगर चढून आलो. उंची ११०९ मीटर. इ.स.पू. ४४७ मध्ये बांधायला घेतलेलं तिथलं पार्थेनॉन मंदिर याच डोंगराच्या संगमरवराचं. दगडात लोहाचा अंश असल्यानं तो जुना होत जातो तसा सोनेरी दिसतो. तिथली डावेलिसची गुहा एका जुन्या खाणीतच आहे. लोक डबे घेऊन तिथे जातात. आमच्या नवी मुंबईच्या पारसिक डोंगरातल्या बंद खाणींना मात्र आपण पाठ फिरवतो. वाट आखा, कठडे लावा, लोकांना जाऊ द्या!

नेरूळची सुमन:
काका, दगड दगडात फरक असतो. संगमरवराचा अख्खा ठोकळा हवा, चीर गेली की माल वाया. म्हणून जुने कारागीर खाच पाडून पाचरी ठोकायचे आणि ठोकळे घसरगाडीवरून खाली उतरवायचे. आपला काळा दगड काढला तो खडीसाठी, म्हणजे फोडण्यासाठीच. सुरुंगांनी कडे आतून खिळखिळे झालेत. पावसात वरून काय येईल याचा नेम नाही. माझं बालपण क्रशरच्या धुळीत गेलंय, वाळत घातलेली चादर संध्याकाळी झटकून घरात घ्यायचो. मला तिथे पिकनिक सुचत नाही.

डंपरमामा:
आणि ती खडी गेली कुठे? तुमच्याच बिल्डिंगच्या स्लॅबमध्ये. ग्रीकांनी डोंगर कापला तर कला, आम्ही कापला तर पाप, हे कसं काय?

नेरूळची सुमन:
पाप कोण म्हणालं? धोका म्हणाले मी.

ठाणेकर येऊरवाला:
पेंटेलीलाही फार डोक्यावर घेऊ नका. उत्तरेकडे डायोनिसोसला खाण अजून चालू आहे, पार्थेनॉन आहे त्या अॅक्रोपोलिस टेकडीवरच्या दुरुस्तीला तिथलाच दगड जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये वणवा पार तिथवर पोचला होता. तरी सुमनताईंचं पटतं: आधी कडे तपासून घ्या, मग कठडे.

बेलापूरचा भटक्या:
बरं, कडे राहू द्या. माथ्यावरून तरी फिरू? रविवारी सहाला निघतोय.

नेरूळची सुमन:
माथ्यावर येते. खाणीच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढा म्हणालात, तर तिथूनच परत फिरेन.