राणी एलिझाबेथ (दुसरी): सत्तर वर्षे न बोलण्याचे मोल

वाटसरू (धागाप्रस्ताव)

मुंबईकराच्या बोलण्यात ‘राणी’ आली, की ती बहुधा व्हिक्टोरियाच असते. राणीची बाग तिची आणि राणीछाप रुपयाही तिचाच. तिची खापरपणती एलिझाबेथ हिने ९ सप्टेंबर २०१५ रोजी व्हिक्टोरियाचा ६३ वर्षांचा विक्रम मोडला आणि त्यानंतरही सात वर्षे राज्य केले; पण आपल्याकडच्या एखाद्या चौकाला वा बागेला तिचे नाव लोकांच्या तोंडी बसले नाही. कारण उघड आहे. तिचे वडील सहावे जॉर्ज २६ जानेवारी १९५० पर्यंत भारताचे राजे होते आणि ६ फेब्रुवारी १९५२ रोजी ती गादीवर आली तेव्हा भारत प्रजासत्ताक झालेला होता. पाकिस्तानची ती १९५६ पर्यंत आणि सिलोनची १९७२ पर्यंत राणी होती, भारताची कधीच नव्हती. त्यामुळे तिच्या कारकिर्दीचा विचार आपण जरा अलिप्तपणे करू शकू, असे मला वाटते.

माझे म्हणणे असे, की न बोलणे हेच तिचे खरे कर्तृत्व होय. डिसेंबर १९३६ मध्ये काका आठवे एडवर्ड यांनी गादी सोडली, वडील राजे झाले आणि ती वारस ठरली, तेव्हा ती दहा वर्षांची होती. पुढे ईटन शाळेच्या हेन्री मार्टेन यांनी तिला राज्यघटनेचा इतिहास शिकवला. बॅजट या एकोणिसाव्या शतकातील लेखकाने राजाचे तीन हक्क सांगितले आहेत: सल्ला विचारला जाण्याचा, प्रोत्साहन देण्याचा आणि सावध करण्याचा. या तिन्ही हक्कांत जाहीर बोलणे कुठेच बसत नाही, आणि तो धडा तिने जन्मभर गिरवला. पंतप्रधान दर आठवड्याला भेटीला येत, तेव्हा खोलीत तिसरे माणूस नसे आणि भेटीचे टिपणही ठेवले जात नसे. असे पंधरा पंतप्रधान तिने पाहिले. पहिले चर्चिल १८७४ साली जन्मलेले, तर शेवटच्या लिझ ट्रस १९७५ सालच्या. दक्षिण आफ्रिकेवरील निर्बंधांच्या प्रश्नावर पंतप्रधान थॅचरबाईंशी तिचे पटत नसल्याची बातमी १९८६ मध्ये फुटली, तेव्हा केवढे वादळ उठले होते. तिचे मत बाहेर पडणे किती दुर्मीळ होते, हे त्यावरूनच कळावे.

६ सप्टेंबर २०२२ चे, स्कॉटलंडमधील बाल्मोरलच्या राजवाड्यातील छायाचित्र पाहावे. मागे शेकोटी पेटलेली, अंगात राखी स्वेटर, एका हातात काठी आणि ट्रसबाईंपुढे केलेल्या दुसऱ्या हाताची मागची बाजू काळीनिळी पडलेली. वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी तिने नव्या पंतप्रधानांना नेमले आणि दोन दिवसांनी ती वारली. निवृत्तीच्या वयाबद्दल सतत भांडणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या हाताकडे निदान एकदा नीट पाहावे.

कडूनिंब

हात मीही पाहिला आणि वाईटही वाटले. पण प्रस्तावात ६ फेब्रुवारी १९५२ ही तारीख आली, त्या दिवशी ती कुठे होती हे मात्र आले नाही. ती केनियात होती. त्याच केनियात २० ऑक्टोबर १९५२ रोजी, म्हणजे तिच्या राज्याला नऊ महिनेही झाले नव्हते तेव्हा, ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माउ माउ बंडामुळे आणीबाणी जाहीर झाली आणि पुढील सात-आठ वर्षे छावण्या, मारहाण आणि फाशी हा क्रम चालू राहिला. फाशी गेलेल्यांची संख्या हजारावर आहे. हे सगळे ‘महाराणींच्या सरकार’च्या नावाने चालले होते. वसाहती सोडताना अडचणीचे कागद गुपचूप इंग्लंडला नेले गेले, ते हॅन्सलोप पार्कच्या सरकारी आवारात पडून होते आणि छळ सोसलेल्या केनियन लोकांनी भरलेल्या खटल्याच्या रेट्यामुळे २०११ मध्ये त्यांचे अस्तित्व कबूल करावे लागले. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने ५,२२८ वृद्ध केनियन दावेदारांना १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोडीची रक्कम देऊ केली. या साठ वर्षांत राणीच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

प्रस्तावक ज्याला कर्तृत्व म्हणतात, त्याला शाळेत आम्ही ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हणत असू. वर्गात मारामारी चालू असताना असे बसणाऱ्या मुलाला शहाणे म्हणतात खरे. पण ते गुरुजी म्हणतात, मार खाणारा म्हणत नाही.

आणि ती कायम गप्प होती, हेही पूर्ण खरे नव्हे. एकविसाव्या वाढदिवशी, २१ एप्रिल १९४७ रोजी, केप टाउनहून केलेल्या भाषणात तिने आपले आयुष्य सेवेला वाहिले, ते वाक्य सगळे उद्धृत करतात. ती सेवा कुणाची, हे मात्र गाळतात. त्या वाक्यातच साम्राज्याच्या ‘महान कुटुंबा’चा उल्लेख आहे.

दप्तरी

कडूनिंब यांनी दिलेल्या तपशिलाबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो जबाबदारीच्या पत्त्याबद्दल. केनियातील धोरण मंत्रिमंडळाचे होते, आणि ते मंत्रिमंडळ संसदेला आणि संसद मतदारांना जबाबदार होती. राणीने जाहीरपणे त्याविरुद्ध बोलावे अशी अपेक्षा करणे म्हणजे जन्माने पद मिळालेल्या एका व्यक्तीने निवडून आलेल्या सरकारला आडवे जावे, असे म्हणणे होय. केनियाच्या बाबतीत ते आपल्याला गोड वाटेल. पण उद्या तोच अधिकार आपल्याला न आवडणाऱ्या राजाच्या हाती गेला, तर काय करायचे?

याचे ताजे उदाहरण २०१९ चे आहे. बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून २८ ऑगस्टला तिने संसद स्थगित करण्यास मंजुरी दिली आणि २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठातील अकराही न्यायाधीशांनी तो सल्ला बेकायदेशीर ठरवला. तेव्हाही ‘तिने नकार का दिला नाही’ असे विचारणारे पुष्कळ होते. माझ्या मते तिने तेव्हा मंजुरी दिली हे योग्य झाले, आणि ती चूक न्यायालयाने निस्तरली हे त्याहून योग्य झाले. ते काम न्यायालयाचेच होते.

परदेशातील तिची भाषणेही मंत्र्यांच्या सल्ल्यानेच होत. ऑक्टोबर १९९७ मध्ये दिल्लीच्या मेजवानीत तिने जालियनवाला बागेचा उल्लेख क्लेशदायक प्रसंग म्हणून केला, इतिहास पुन्हा लिहिता येत नाही असे म्हटले आणि दुसऱ्या दिवशी अमृतसरला जाऊन पुष्पचक्र वाहिले. माफी मागितली नाही, कारण ती मागण्याचा निर्णय लंडनच्या सरकारने घेतलेला नव्हता. आपली नाराजी पोहोचवायची असेल, तर ती डाउनिंग स्ट्रीटच्या, म्हणजे पंतप्रधानांच्या, पत्त्यावर पाठवावी.

कडूनिंब

पत्त्याची गोष्ट निघालीच आहे, तर दप्तरींना एक प्रश्न. राणीला स्वतःचे मत मांडण्याचा मार्गच नव्हता, हे गृहीतक खरे आहे काय?

संसदेने संमत केलेल्या विधेयकावर राजाची शेवटची मोहोर उमटते, ती सर्वांना ठाऊक असते आणि ती खरोखरच औपचारिक आहे. पण त्याखेरीज दुसरी एक संमती आहे. विधेयकामुळे राजाच्या विशेषाधिकारांवर वा खासगी मालमत्तेवर परिणाम होणार असेल, तर त्याचा मसुदा संसदेत मंजूर होण्याआधीच राजवाड्याकडे पाठवावा लागतो. २०२१ मध्ये ‘गार्डियन’ने दाखवून दिले, की तिच्या कारकिर्दीत हजाराहून अधिक कायदे असे तिच्या दारावरून गेले. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील १९७३ च्या कागदांत तर तिचे खासगी वकील मंत्रालयाशी बोलताना दिसतात. भागधारकांची नावे उघड करायला लावणारा कायदा येत होता आणि राणीच्या खासगी गुंतवणुकीचा तपशील लोकांना कळू नये, असा त्यांचा आग्रह होता. पुढे आलेल्या कायद्यात राष्ट्रप्रमुखांच्या गुंतवणुकीसाठी आडोसा राहिला. ही संमती म्हणजे निव्वळ औपचारिकता असल्याचा खुलासा राजवाड्याने केला आहे, तोही येथे नोंदवतो.

म्हणजे छावण्यांच्या बाबतीत घटना आड येते आणि शेअरच्या बाबतीत वाट सापडते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ठीक आहे. पण त्या मुठीत काय होते हे कधीतरी विचारायला नको काय?

थेम्सकाठ

मी गेली अठरा वर्षे लंडनमध्ये राहते, त्यामुळे थोडे वेगळे लिहिते. सप्टेंबर २०२२ मध्ये राणीच्या अंत्यदर्शनासाठी लागलेल्या त्या प्रसिद्ध रांगेत मी उभी होते. राजेशाहीवर माझे प्रेम नाही. शेजारच्या वृद्ध बाईंना सोबत हवी होती, एवढेच निमित्त. मनगटावर क्रमांकाचा कागदी पट्टा बांधून नदीच्या दक्षिण काठाने आम्ही अकरा तास चाललो. चाललो म्हणजे सरकलो. पुढचे गृहस्थ बसचालक होते, मागच्या दोघी नायजेरियातून आलेल्या परिचारिका. त्यांच्यापैकी एकीची आजी स्वातंत्र्यापूर्वीची, तिला इंग्रजांचा मनस्वी राग, आणि तरीही ही रांगेत. का, असे मी विचारले, तर ती म्हणाली, की माझ्या आयुष्यात न बदललेली तेवढीच एक गोष्ट होती.

वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शिरल्यावर हजार माणसांच्या पावलांचा आवाज एकाएकी नाहीसा झाला. शवपेटीवर मुकुट होता, चार कोपऱ्यांवर मेणबत्त्या होत्या. शेजारच्या बाईंनी गुडघा किंचित वाकवला, मी सवयीने हात जोडले. फार तर दहा सेकंद. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, ‘माझ्या आईच्या अंत्यविधीला मला जाता आले नव्हते, कोविड होता.’ त्या रडत होत्या ते आईसाठी. १७ एप्रिल २०२१ रोजी नवरा फिलिप याच्या अंत्यविधीत मुखपट्टी लावून एकटीच बसलेली राणी त्यांनी टीव्हीवर पाहिली होती आणि त्या दिवसापासून ती त्यांची कुणीतरी झाली होती.

तिने काही म्हटलेले नसल्यामुळेच प्रत्येकाला आपले दुःख तिच्यापाशी ठेवता आले, असे मला वाटते. कडूनिंब यांचे मुद्दे खोडण्यासाठी हे लिहीत नाही. ते मुद्दे रांगेतही चालू होते. बसचालकाने तिच्या करमाफीचा विषय काढला होताच. १९९२ मध्ये विंडसरचा किल्ला जळाला आणि दुरुस्तीचा खर्च जनतेने का द्यावा, असा गलका झाला, तेव्हा कुठे १९९३ पासून ती प्राप्तिकर भरू लागली, हे त्याने तारीखवार सांगितले. सांगून झाल्यावर तोही रांगेतच राहिला.

दप्तरी

१९७३ च्या कागदांपुढे माझा बचाव लंगडा पडतो, हे मान्य करतो. खासगी मालमत्तेसाठी ही संमती ठेवायला नको होती. पण त्यावरून तिच्या बाकीच्या मौनाला सोय म्हणणे मला पटत नाही, आणि त्यासाठी आयर्लंडकडे पाहावे. मे २०११ मध्ये ती डब्लिनला गेली. शंभर वर्षांत तेथे गेलेली ती पहिलीच ब्रिटिश राज्यकर्ती. ब्रिटिशांविरुद्ध लढून मेलेल्यांच्या स्मारकापुढे तिने मान झुकवली. मग ती क्रोक पार्कला गेली. १९२० च्या नोव्हेंबरात याच मैदानावर सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार करून चौदा जणांना मारले होते. मेजवानीच्या भाषणाची सुरुवात तिने आयरिश भाषेत केली. पुढच्या वर्षी बेलफास्टमध्ये तिने मार्टिन मॅकगिनेस यांच्याशी हस्तांदोलन केले. हे एकेकाळचे आयआरएचे, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र आयरिश संघटनेचे, सेनानी, आणि त्याच संघटनेने १९७९ मध्ये फिलिपचे मामा माउंटबॅटन यांना बोटीसकट उडवले होते. माफीचा शब्द तिने तेथेही उच्चारला नाही. पण काही गोष्टी वेगळ्या रीतीने व्हायला हव्या होत्या, किंवा मुळीच व्हायला नको होत्या, एवढे ती बोलली.

वाटसरू

क्रोक पार्कचे उदाहरण वाचून मी माझाच प्रस्ताव पुन्हा वाचला. मैदान, कोंडलेली गर्दी आणि गोळीबार हे दोन्हीकडे आहे. अमृतसरला तर सरकारी आकडाच ३७९ होता. तरी डब्लिनमध्ये ‘मुळीच व्हायला नको होत्या’ असे म्हणता आले आणि दिल्लीत गाडी ‘इतिहास पुन्हा लिहिता येत नाही’ यावर थांबली. वर फिलिप यांनी बागेतील फलकावरचा दोन हजारांचा आकडा फुगवलेला असल्याचा शेरा मारला, तो वेगळाच. चौदा वर्षांत राणी बदलली नव्हती, सल्ला बदलला होता, असे दप्तरी म्हणतील, आणि ते बरोबरही असेल. पण मग डब्लिनच्या मान झुकवण्याचे श्रेय तिला देता येत नाही. दोष सल्लागारांचा आणि श्रेय राणीचे, असे दोन वह्यांत लिहिलेले हिशेब मला आता जुळवता येत नाहीत. तिचे मौन कर्तृत्वाचे होते, हे मी अजूनही म्हणतो. ते निष्पक्ष होते, हे मात्र मागे घेतो.

कडूनिंब

प्रस्तावकांचे आभार. माझ्याकडूनही एक दुरुस्ती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिसरे चार्ल्स नैरोबीत गेले आणि त्या अत्याचारांचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही, असे म्हणाले. माफी त्यांनीही मागितली नाही. तेव्हा हा दोष एकट्या बाईचा नव्हता, हे मी धरून चालतो. राहिला प्रश्न पुराव्याचा. साप्ताहिक भेटींची टिपणे नाहीत, विंडसरच्या किल्ल्यात ठेवलेले राजघराण्याचे कागद त्यांच्याच मर्जीने उघडतात आणि राजाशी झालेला सरकारी पत्रव्यवहार माहितीच्या कायद्यातून २०११ पासून वगळला गेला आहे. मात्र ती रोज रात्री डायरी लिहीत असे. त्यात १९५२ च्या ऑक्टोबरची पाने असणारच.

थेम्सकाठ

असतील, पण हवामान आणि घोडे यांपलीकडे त्यात काही सापडले नाही, तर पुन्हा याच धाग्यावर यावे लागेल.