प्रार्थनेत देवाचा आवाज ओळखणे : अनुभव धागा

देवाकडे मागायला आपण लहानपणीच शिकतो. त्याचे ऐकायला फारसे कुणी शिकवत नाही. निर्णय समोर असताना देवाची इच्छा तुम्ही प्रार्थनेत कशी पारखता? इथे साक्ष नको, पद्धत सांगा. वेळ किती देता, क्रम काय असतो, फसगत कुठे होते? कॅथलिक असा, प्रोटेस्टंट असा, सगळ्यांनी लिहावे.

कॅथलिक, वसई

सुरुवात रात्रीच्या आत्मपरीक्षणाने करा. पंधरा मिनिटे पुरेत. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा क्रम पाच पायऱ्यांचा आहे : दिवसाबद्दल आभार, स्वतःला नीट पाहता यावे म्हणून प्रकाशाची मागणी, सकाळपासून तासातासाने दिवसाची उजळणी, क्षमायाचना आणि उद्यासाठी निश्चय. निम्मा वेळ उजळणीला द्या. तिथे दोन गोष्टी शोधायच्या : मन कुठे मोकळे झाले आणि कुठे आक्रसले. वहीत दोनच ओळी लिहा, तारखेसह. एका रात्रीच्या नोंदीतून काही कळत नाही. महिनाभराच्या नोंदी सलग वाचल्या की तीच माणसे, तीच कामे पुन्हा पुन्हा दिसू लागतात, आणि ऐकायचे असते ते तिथेच.

बिघडते कुठे? पहिली पायरी गाळली की सगळ्याची पापांची यादी होते आणि आठवड्याभरात वही बंद पडते. अंथरुणात पडून केले की तिसऱ्या पायरीवर झोप लागते. खुर्चीत बसा, किंवा जेवणाआधीच उरका.

या पद्धतीचे मूळही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि इग्नेशियस लोयोला इथल्या घराण्याच्या वाड्यात अंथरुणाला खिळले. सरदारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना त्यांना गोड वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार केला की नंतरही आनंद टिकून राही. विचार चालू असताना दोन्ही सुखाचेच होते. फरक कळला तो नंतरच्या चवीवरून. म्हणून प्रार्थना संपल्यावर लगेच उठू नका. पाच-दहा मिनिटे थांबून मागे काय उरले ते पाहा.

निवृत्त शिक्षिका, मुंबई

वरच्याला जोडून, निर्णयाबद्दल. आधी प्रश्न कागदावर एका वाक्यात मांडा आणि त्याचे उत्तर हो किंवा नाही असे येईल हे बघा. ‘मी आयुष्याचे काय करू’ या प्रश्नाला प्रार्थनेतही उत्तर मिळत नाही. ‘ही बदली स्वीकारू का’ याला मिळू शकते. दोन्ही पर्याय मुळात चांगले हवेत. लबाडी करावी का, हा पारखण्याचा विषयच नव्हे. दिलेल्या लग्नवचनासारखी न बदलणारी गोष्टही इथे आणायची नाही.

मग चार रकाने : स्वीकारले तर फायदे, तोटे, नाकारले तर फायदे, तोटे. चारही भरा. दोनच भरले की मनाला आधीपासून हवे तेच खरे ठरते. इग्नेशियस आणखी कल्पना करायला सांगतात : अगदी अनोळखी माणसाने हाच प्रश्न विचारला तर त्याला काय सांगाल? मरणाच्या घडीला मागे वळून पाहताना काय निवडलेले आवडेल? पहिली कल्पना बहुतेकांना फार लवकर मोकळे करते. शेवटी झालेला निर्णय प्रार्थनेत देवासमोर ठेवायचा आणि त्याने तो पक्का करावा असे मागायचे. ही शेवटची पायरी घाईत सुटते.

सगळ्यात महत्त्वाचा नियम : मन ओसाड असताना, प्रार्थना नकोशी वाटत असताना, आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नका. त्या काळात जे सुचते ते बहुधा पळवाटेचे असते. उलट प्रार्थनेचा ठरलेला वेळ थोडा वाढवा. मात्र झोप-भूक उडाली असेल, आठवडेच्या आठवडे कशातच रस नसेल, तर डॉक्टरकडे जा. ते ओसाडपण प्रार्थनेच्या वहीने पारखायचे नाही.

पाळक, अहमदनगर

आमच्याकडे बायबलच्या वचनापासून सुरुवात होते. बाराव्या शतकातल्या गिगो या मठवासी साधूने चार पायऱ्या लिहून ठेवल्या : वाचन, मनन, प्रार्थना, आणि शेवटी देवासमोर नुसते असणे. उतारा सहा ते दहा ओव्यांचा घ्या, तीनदा मोठ्याने वाचा. पहिल्यांदा अर्थासाठी, दुसऱ्यांदा कोणता शब्द अडतो ते पाहण्यासाठी, तिसऱ्यांदा त्या शब्दावर थांबण्यासाठी. सुरुवातीला ‘1 राजे’ या पुस्तकाचा 19वा अध्याय घ्या, एलीया संदेष्ट्याचा : वारा, भूकंप, अग्नी, आणि त्यानंतरची मंद वाणी.

डोळे मिटून शास्त्र उघडायचे आणि बोट पडेल ते वचन देवाचे उत्तर मानायचे, ही सवय मोडा. वचन संदर्भातून तुटते आणि हवे ते मिळेपर्यंत पाने उलटली जातात. एक पुस्तक धरून क्रमाने वाचा, म्हणजे नको असलेले वचनही समोर येते.

प्रार्थना गटातली, पुणे

गिदोनाच्या लोकरीबद्दल थोडेसे. लोकर तेवढी दवाने भिजावी आणि जमीन कोरडी राहावी, अशी खूण त्याने देवाकडे मागितली होती. पण बायबलच्या ‘शास्ते’ पुस्तकाच्या 6व्या अध्यायात लढायची आज्ञा त्याला आधीच मिळाली होती. लोकर ठेवली ती शंका होती म्हणून. त्यामुळे ‘उद्या अमक्याचा फोन आला तर देवाचा होकार’ अशा अटींना तो आधार पुरत नाही.

कॅथलिक, गोवा

शब्द ऐकू येतात त्यांच्यासाठी. क्रूसाचे संत योहान (1542–1591) यांनी याबद्दल कडक लिहिले आहे : मन एकाग्र झाले की बुद्धी स्वतःशीच बोलते, स्वतःच उत्तर देते, आणि माणसाला वाटते देव बोलला. त्यात लबाडी नसते, म्हणूनच धोका मोठा. आविलाच्या संत तेरेजा खुणा देतात : देवाच्या शब्दात सामर्थ्य असते, ते म्हणते ते घडवते, मागे खोल शांती राहते, आणि ते शब्द फार काळ विसरत नाहीत. ‘भिऊ नकोस’ ऐकल्यावर भीती खरोखर गेली का, हे पाहा. शब्द गोड होते पण वागणे तसेच राहिले, तर त्यांच्यावर काही उभारू नका.

कुणी प्रचारक ‘देवाने मला तुझ्याबद्दल सांगितले’ म्हणून लग्न, पैसा किंवा औषध बंद करण्याबद्दल हुकूम देत असेल तर थांबा. ‘सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा’ हे प्रेषित पौलाने अशा संदेशांबद्दलच लिहिले आहे.

पाळक, अहमदनगर

सहमत, आणि म्हणूनच सोबत कुणीतरी हवे. बायबलमधल्या लहान शमुवेलाला हाक देवाची होती, तरी तो तीनदा एली या याजकाकडे धावला. एलीने ओळखल्यावरच ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ हे उत्तर आले.

एक पद्धत क्वेकर या प्रोटेस्टंट पंथातल्या मंडळींची आहे. सतराव्या शतकात ते लग्न ठरवताना दोघांची मोकळीक तपासायला माणसे नेमत. आता कुठल्याही मोठ्या निर्णयासाठी ती वापरतात. ज्याचा प्रश्न आहे त्याने तो पानभर लिहून आधी द्यायचा. विश्वासातली पाच-सहा माणसे दोन-तीन तास बसतात, सुरुवात शांततेने. त्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, तेही ज्यांचे उत्तर त्यांना ठाऊक नाही असे. ‘तू आईशी बोललास का?’ हा सल्लाच झाला. ‘याचा विचार करताना तुला कशाची भीती वाटते?’ हा प्रश्न. दोन प्रश्नांमध्ये थांबायचे, उत्तर द्यायची सक्ती नाही, आणि बोललेले बाहेर जाऊ द्यायचे नाही.

आपल्या घरगुती प्रार्थना सभांत दुसऱ्याच मिनिटाला सल्ले सुरू होतात, त्यामुळे एकाला नुसते वेळ पाहायला आणि सल्ला देणाऱ्याला अडवायला नेमा. पहिल्या बैठकीला नातेवाईक नकोत, आणि ज्याचा त्या निर्णयात पैसा किंवा मान अडकलाय तोही नको.