शिक्षण उपकर दुप्पट करा म्हणणाऱ्यांनो, आधी घरपट्टीचं बिल उलगडून बघा

घरपट्टीग्रस्त:
दोन दिवस एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. "मनपाच्या शाळा गळतायत कारण तुम्ही टॅक्स द्यायला रडता. घरपट्टीतला शिक्षण उपकर दुप्पट करा, महिन्यातून एकदा हॉटेलात उडवता तेवढेच पैसे जातील." सोसायटीच्या ग्रुपवर तीच पोस्ट परत परत यायला लागली तेव्हा म्हटलं बास, आता लिहितोच.

ज्याने कोणी लिहिलंय त्याने जन्मात बिल वाचलेलं नाही, पैज लावतो. सर्वसाधारण कर, वृक्ष कर, अग्निशमन, जललाभ, मलनिस्सारण असं करत करत खाली आलात की शिक्षणाच्या नावाने दोन ओळी असतात. एक मनपाची, एक राज्याची. राज्याची ओळ 1962 च्या कायद्यातली. मनपा ती फक्त गोळा करते आणि शासनाच्या तिजोरीत भरते, तुमच्या वॉर्डातल्या शाळेचा पत्रा त्यातून बदलला जाईल अशी आशा ठेवू नका. त्याच कायद्यात पुढे रोजगार हमी घुसवली, दुकानवाल्याला विचारा, त्याच्या बिलात तीही ओळ आहे. शिवाय इन्कम टॅक्सवर 2004 पासून 2 टक्के, मग 3, आणि 2018 पासून आरोग्य जोडून 4 टक्के सेस, म्हणजे उपकरच. एकाच पोराच्या नावाने तीन मंडळं वर्गणी मागतायत आणि पोरगं अजून गळक्या वर्गातच बसलंय. दुप्पट करायच्या आधी आत्ताचे कुठे गेले ते सांगा, मग मी पहिला भरतो.

वॉर्डातला_माणूस:
ती पोस्ट माझी नाही पण मला पटलेली आहे, त्यामुळे उत्तर देतो. बिलातल्या ओळी मोजून शाळा चालत नाहीत साहेब. मनपाकडे स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न उरलंय काय? जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, 2017 ला जीएसटी आला, आता राज्याकडून येणाऱ्या भरपाईकडे डोळे लावून बसायचं. हातात राहिला मालमत्ता कर आणि बांधकाम परवानग्यांचे पैसे. आणि त्या मालमत्ता कराचं काय केलंय बघा. मुंबईत 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतची घरं माफ. पुण्यात स्वतः राहत असाल तर 40 टक्के सवलत, 1970 पासूनची, मध्ये काढून घेतली तर केवढा आरडाओरडा, 2023 ला परत दिली. निवडणूक दिसली की सवलत. मग शाळा गळणार नाही तर काय होणार? चांगली शाळा पण पाहिजे आणि बिल पण नको.

घरपट्टीग्रस्त:
500 फुटांत राहणाऱ्यांचीच पोरं मनपा शाळेत जातात हो. त्यांच्याकडून उपकर घ्यायचा म्हणताय का? स्पष्ट लिहा.

वॉर्डातला_माणूस:
मी तसं कुठे म्हटलं? 490 फुटांचे दोन फ्लॅट शेजारी शेजारी घेऊन मधली भिंत पाडणाऱ्यांबद्दल बोलतोय. असे आमच्याच बिल्डिंगमध्ये आहेत.

सेक्रेटरी_बी_विंग:
विषय निघालाच आहे तर माझं दुखणं सांगतो. आमची सोसायटी दरवर्षी पहिल्याच तिमाहीत भरते, रिबेट मिळतो म्हणून आणि सवय म्हणून. एक दिवस उशीर झाला की महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड. आमच्या गेटला लागून एक मंगल कार्यालय आहे, त्याने कित्येक वर्षं दमडी भरली नाही, जप्तीची नोटीस गेटवर डकवली की त्याचा माणूस रात्री येऊन फाडायचा, हे मी खिडकीतून बघितलंय. शेवटी काय झालं? अभय योजना. शास्ती माफ, मूळ रक्कम भरली, वर अधिकाऱ्यांच्या हस्ते गुलाबाचं फूल देऊन फोटो!! आम्हाला आजपर्यंत कोणी फूल दिलं नाही. दर वाढवला तर कोणाचा वाढणार, जो भरतो त्याचा. मंगल कार्यालयवाल्याला दुप्पट काय चौपट करा, शून्याची चौपट शून्यच.

टेक्सासवाली:
लांबून तोंड घालतेय, माफी. मी जिथे राहते तिथे शाळा मुख्यतः प्रॉपर्टी टॅक्सवरच चालतात, त्यामुळे "अमेरिकेत बघा" म्हणणाऱ्यांसाठी. हो, शाळेत स्विमिंग पूल आहे. पण तो आमच्या भागात आहे, कारण इथल्या घरांच्या किमती जास्त. शेजारचा स्कूल डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारा आणि त्यासाठी टॅक्स लावणारा विभाग) जास्त दराने टॅक्स भरूनही कमी पैसे जमवू शकतो कारण मुळात घरंच स्वस्त. यावर सॅन अँटोनियोच्या पालकांनी केस केली होती, 1973 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 ने त्यांना हरवलं. मग राज्यातल्या कोर्टात भांडून भांडून 1993 ला असा कायदा आला की श्रीमंत डिस्ट्रिक्टचे पैसे काढून गरीबांना द्यायचे, लोक त्याला रॉबिन हूड म्हणतात आणि आमचे शेजारी अजून त्या नावाने खडे फोडतात. आणि 65 च्या पुढच्यांचा शाळेचा टॅक्स गोठवलेला असतो. कॅलिफोर्नियाने तर 1978 लाच प्रॉपर्टी टॅक्सला 1 टक्क्याची टोपी घातली. सांगायचा मुद्दा, घरावर शाळा टांगली की चांगल्या घरापाशीच चांगली शाळा राहते.

वॉर्डातला_माणूस:
ताई, आपल्याकडे मनपा एकच आहे, कोथरूडचा पैसा येरवड्यातल्या शाळेला लागू शकतो. तुमचं उदाहरण इथे बसत नाही.

टेक्सासवाली:
लागू "शकतो". लागतो का ते सांगा.

स्पष्टवक्ता:
सगळे मूळ मुद्दा टाळताय. पैसा कमी नाहीच. मनपा शाळेतल्या शिक्षकांना सातव्या वेतन आयोगाचा पगार आहे, शेजारच्या इंग्लिश मीडियममधल्या मॅडम त्याच्या पाव पगारात दुप्पट शिकवतात. उपकर वाढवला तरी तो पगारातच जाणार. यांना शिकवायला नको, वर्गात मोबाईल बघत बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

खडूवाली:
मी मनपा शाळेत शिकवते. मोबाईलवर काय असतं ते ऐकायचंय? सकाळी आल्या आल्या किती मुलं जेवली ती संख्या ॲपवर. मग उपस्थिती. मग यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची माहिती. मग आधार, तुम्हाला माहितीये का आधार व्हॅलिड नसलेलं मूल संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, धरत नाहीत म्हणून? माझ्या वर्गात एक पोरगी आहे, दाखल्यावर आडनावात दीर्घ वेलांटी, आधारवर इंग्रजी स्पेलिंग वेगळं, वडील रोजंदारीवर, तीन वेळा केंद्रावर जाऊन आले, तीन दिवसांची मजुरी गेली. ती पोरगी रोज पहिल्या बाकावर बसते, पाढे घडाघडा म्हणते आणि शासनाच्या हिशोबी ती अस्तित्वातच नाही. पट कमी दिसला की एक शिक्षक अतिरिक्त, त्याला दुसरीकडे पाठवतात, मग दोन वर्ग एकत्र. बसा दोन वर्गांना शिकवत.

स्पष्टवक्ता:
रडगाणं सगळीकडे असतं. बँकेतल्या माणसालाही टार्गेट असतं.

खडूवाली:
बँकेतल्या माणसाला बीएलओ (मतदार यादीचं काम करणारा अधिकारी) करून दारोदार मतदार याद्या घेऊन पाठवतात का वर्षभर? आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 वाचा, शिक्षकांना शाळेबाहेरची कामं म्हणून जनगणना, आपत्ती आणि निवडणूक, एवढंच लिहिलंय. ॲप, सर्वेक्षण, रॅली, सेल्फी अपलोड त्यात कुठे आहे? आणि ते निवडणुकीचं काम सुद्धा सुट्टीच्या दिवशी, शिकवण्याच्या वेळेबाहेर द्या असं सुप्रीम कोर्टाने 2007 लाच सांगितलंय.

सेक्रेटरी_बी_विंग:
आमच्या बिल्डिंगला आलेल्या बीएलओ बाई शिक्षिकाच होत्या, भर दुपारी, लिफ्ट बंद. सी विंगवाल्यांनी दार उघडलं नाही. मला वाईट वाटलं, पाणी दिलं.

स्पष्टवक्ता:
मग करा ना बहिष्कार. संघटना आहे तुमची. पगारवाढीला मोर्चा निघतो, पोरांसाठी कधी निघालेला बघितला नाही. आणि तुमची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत आहेत मॅडम?

खडूवाली:
माझा मुलगा मनपाच्याच सेमी इंग्रजी शाळेत आहे. तुमचा?

स्पष्टवक्ता:
पर्सनल होऊ नका.

घरपट्टीग्रस्त:
हा हा. प्रश्न कोणी पर्सनल केला ते वर वाचा.

जुना_पाटीवाला:
हे सगळं 2015 ला अलाहाबाद हायकोर्टाने सोडवलं होतं, सरकारी पगार घेणाऱ्यांनी पोरं सरकारी प्राथमिक शाळेतच घालावीत. पुढे काय झालं ते विचारू नका. आपल्याकडे शाहू महाराजांनी 1917 ला शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोरगं शाळेत नसेल तर बापाला महिना 1 रुपया दंड. पैसे काढायची इच्छा लागते.

घरपट्टीग्रस्त:
काका, तो दंड होता. न पाठवणाऱ्याला. इथे पाठवणारा, न पाठवणारा, पोर नसलेला, सगळ्यांना सरसकट लावताय.

वॉर्डातला_माणूस:
पोर नसलेला रस्ता पण वापरतो आणि शिकलेल्या नर्सकडून इंजेक्शन पण घेतो. हे "माझं पोर तिथे नाही तर मी का देऊ" फार चीड आणतं. आणि दिल्लीचं उदाहरण द्यायला हवं होतं कोणीतरी, बजेटचा पाचवा हिस्सा नि वर शिक्षणावर घातला तर शाळा बदलल्या. पैसा लागतोच.

टेक्सासवाली:
दिल्लीतल्या ज्या शाळांचं कौतुक झालं त्या बहुतेक राज्य सरकारच्या. तिथे प्राथमिक शाळा मुख्यतः मनपाकडे आहेत, मालमत्ता करवाल्या मनपाकडे. त्यांचे फोटो कोणी फॉरवर्ड केले नाहीत.

वॉर्डातला_माणूस:
बरं. हा मुद्दा बरोबर आहे, घ्या. म्हणजे राज्याने द्यावेत. पण राज्य देत नाही तोपर्यंत पत्रा कोण बदलणार?

घरपट्टीग्रस्त:
एवढं मी मानतो की खडूवालींच्या शाळेला पैसे लागतील. जो काही वाढीव उपकर घ्यायचा तो मनपाच्या गल्ल्यात न टाकता थेट शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात जमा करा, खर्च फळ्यावर लिहा. समितीत 75 टक्के पालक असतात, कायद्यातच आहे. मग दर थोडा वाढला तरी मी बोंब मारणार नाही. थोडा म्हणजे थोडा.

सेक्रेटरी_बी_विंग:
आणि मंगल कार्यालयाकडून आधी.

खडूवाली:
समिती म्हणताय म्हणून सांगते. आमच्याकडे ठराव आधी लिहून तयार असतो, मग शिपाई वही घेऊन पालकांच्या घरी जातो. एक आई सही करताना विचारत होती, हे गॅसच्या सबसिडीचं आहे का.