जमीन मिळूनही तिबेटी कुटुंबे दर हिवाळ्यात स्वेटर विकायला का येतात?

प्रश्न : औसेकर
30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर आमचे गाव जुन्या जागेपासून तीन किलोमीटरवर वसवले गेले. घर नवे मिळाले, पण शेत होते तिथेच राहिले, आणि वडील आजही बैलांना वैरण टाकायला दिवसातून दोनदा आखाड्यावर जातात. त्यामुळे उठवून वसवलेल्या माणसांच्या पोटापाण्याचा विषय निघाला की मी थांबून ऐकतो. दिवाळीनंतर लातूरला लागणाऱ्या तिबेटी स्वेटरच्या दुकानांत यंदा एका वयस्कर बाईंशी बोलणे झाले. त्या कर्नाटकातील मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतल्या. घरी मक्याचे शेत आहे, असे त्या एका उसवलेल्या बाहीला टाका घालत म्हणाल्या. शेत असताना चार महिने परगावी का बसावे लागते, हे विचारायचे राहून गेले. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त सहकारी, धाराशिव
ते शेत आणि ते दुकान हा एकाच प्रपंचाचा हिशेब आहे. 1959 मध्ये ल्हासातील उठाव चिनी सैन्याने मोडून काढल्यावर भारतात आलेल्या तिबेटींपैकी अनेकांनी आरंभी हिमालयातील रस्त्यांच्या कामावर मजुरी केली. पुढे म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) बैलकुप्पे येथे सुमारे 3,000 एकर जंगल त्यांना वसाहतीसाठी देण्यात आले. मुंडगोडची वसाहत 1966 ची, तर आपल्या राज्यातील, आजच्या गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावची 1972 ची. जंगल तोडून काढलेली ही राने बहुतांशी पावसाच्या भरवशावर असल्याने मक्याची काढणी उरकली की हाताला काम उरत नाही, आणि नेमकी तेव्हाच थंडी सुरू होते. शिवाय जमीन भाडेपट्ट्याची असल्याने ती विकता येत नाही, आणि घरात माणसे वाढली तरी क्षेत्र वाढत नाही. भांडवलाची सोय लुधियानाच्या स्वेटर व्यापाऱ्यांकडून झाली : माल उधारीवर उचलायचा आणि हंगाम संपल्यावर हिशेब चुकता करायचा. (आपल्याकडच्या ऊसतोडीच्या उचलीची आठवण होते, पण उचलीत माणूस बांधला जातो, इथे माल.)

उत्तर : वाचक, परभणी
सरांचे म्हणणे पटते, परंतु जमिनीचे वाटप कसे झाले यावरही बरेच अवलंबून असते. फाळणीनंतर पूर्व पंजाबात आलेल्या शेतकऱ्यांनी मागे टाकलेली जमीन इथे उपलब्ध असलेल्या जमिनीपेक्षा कितीतरी जास्त होती. तेव्हा पुनर्वसनाचे महासंचालक तरलोक सिंग यांनी नुसते क्षेत्र न मोजता उत्पन्न मोजले. दहा-अकरा मण पीक देणारे रान म्हणजे एक ‘प्रमाण एकर’, म्हणजे कालव्याखाली जवळपास एकास एक, तर कोरडवाहू जिल्ह्यांत चार एकर मिळून एक. मागे टाकलेल्या जमिनीच्या बदल्यात जमीन देताना केलेली कपातही चढती होती : पहिल्या 10 एकरांवर 25 टक्के, तर 500 एकरांपुढे 95 टक्के. मोठे खातेदार अर्थातच नाराज झाले, मात्र लहान शेतकऱ्याच्या हाती कसण्याजोगे काही उरले.

औसेकर
सर, ताई, दोघांचेही आभार. माझा प्रश्नच थोडा चुकला होता, असे आता वाटते. नव्या गावात राहायला आल्यावर कितीतरी वर्षे सोयाबीन निघाले की वडील लातूरच्या आडतीत हमालीला जात असत, आणि घरी शेत असताना तुम्ही इथे कशाला, असे त्यांना कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.