आजचा मुक्काम: 'आजचा दिवस पुरेसा आहे' असं तुम्हाला कधी वाटलं?

धागाकर्ती: आज माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघाली. टीव्हीवर दिवेघाट बघितला आणि बाबांची पहिली वारी आठवली. त्याच वर्षी त्यांची कंपनी बंद पडली होती. घरात दिवसभर एकच विषय, पुढं काय. रात्री झोप नाही. तशात ते निघाले. जेजुरीहून फोन आला, अंगावर भंडारा पडलाय म्हणून आवाजात नुसता आनंद! "अगं, इथं उद्याचं सगळं ट्रकमध्ये असतं. तंबू, शिधा पुढे गेलेला असतो. आपण फक्त आज चालायचं." परत आल्यावरही कर्ज तेवढंच होतं. पण रोज रात्री देवासमोर हात जोडून म्हणायचे, "आज भागलं, माउली." आणि शांत झोपायचे. तुमचे अनुभव लिहा ना.

सासवडकर_सून: डोळे भरून आले. आत्ता भाकऱ्या थापतेय, सविस्तर रात्री लिहिते. सासूबाई प्रत्येक वारकऱ्याच्या पाया पडतात, वयानं लहान असला तरी.

रात्रपाळी: २०२०. पादुका ३० जूनला एसटीनं पंढरपूरला गेल्या, १ जुलैला एकादशी. मी कोविड वॉर्डात नर्स होते. एक आजोबा ऑक्सिजनवर, आयुष्यभराचे वारकरी. मला वाटलं, वारी चुकली म्हणून रडतील. मास्क जरा बाजूला करून म्हणाले, "माउली बसनं गेली, मी हितं श्वास घेतोय. दोघांची वारी पोचली बघ." तेव्हापासून ड्युटीवर जाताना मी आधी एक मोठा श्वास घेते आणि मनात आभार मानते.

पहिलीच_वारी: वाचतोय, सासवडच्या वाटेवर आहे. पायाला फोड आलेत, कुणी उपाय सांगा!

सासवडकर_सून: @पहिलीच_वारी फोडू नका हो! स्वच्छ धुऊन कोरडं करा, सुती मोजे घाला. वाटेत वैद्यकीय पथकं असतात, दाखवून घ्या.

टाळकरी: मला समाजआरती आठवते. एवढा जनसागर, टाळ-मृदंगाचा गजर, आणि चोपदारांनी हातातला चोप (दंड) वर केला की सगळं शांत. मग हरवलं-सापडलं पुकारतात. माझं पाकीट तसंच परत मिळालं, पैशांसकट. ज्यांनी दिलं त्यांनी नावसुद्धा सांगितलं नाही. माणसांवरचा विश्वास मला तिथं मिळाला, आणि तो घरी आल्यावरही टिकलाय.

धागाकर्ती: @रात्रपाळी आजोबा बरे झाले का?

रात्रपाळी: हो गं! पुढच्या आषाढीला त्यांच्या लेकीनं फोन लावून दिला होता. अंगणात तुळशीभोवती फिरत होते.

टाळकरी: रामकृष्णहरी 🙏

नीराकाठ: विषय थोडा वेगळा आहे, माफ करा. आमचे काका दिंडीत आहेत, रक्तदाबाच्या गोळ्या घरीच राहिल्यात. लोणंदच्या मुक्कामी कुणी पोचवू शकेल का?

टाळकरी: मी लोणंदचाच. गोळ्यांचं नाव आणि दिंडी क्रमांक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथूनच घेऊन देतो.