लायसन्स म्हणजे नोंदणी नव्हे, आणि पासपोर्टची घाई नको

अमेरिकेत लग्न करून नाव बदलण्याबद्दलच्या चर्चेत दोन समज दिसले: मॅरेज लायसन्स हातात आलं की नोंदणी झाली, आणि नाव बदलताना सुरुवात पासपोर्टपासून करावी. दोन्ही चुकीचे आहेत.

लायसन्स ही नुसती लग्न करायची परवानगी. तिलाही मुदत असते, न्यूयॉर्कमध्ये ६० दिवस, कॅलिफोर्नियात ९०. लग्न लावणाऱ्याने सही करून तो कागद संबंधित ऑफिसात परत पाठवला की मगच नोंद होते. गुरुजी लग्न लावणार असतील तर त्यांना हे आधीच नीट सांगून ठेवा, कारण विधी आटोपल्यावरच्या गडबडीत तो कागद आहेराच्या पिशव्यांमध्ये कुठेतरी जातो. मग लग्नाच्या सर्टिफिकेटच्या सर्टिफाइड (ऑफिसने प्रमाणित केलेल्या) प्रती मागवा, एकीवर भागवू नका. साधी झेरॉक्स सोशल सिक्युरिटीवाले (तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर आणि नाव नोंदवणारं अमेरिकेचं सरकारी खातं) घेत नाहीत.

नाव बदलायचंच असेल (कायद्याची सक्ती अजिबात नाही, कोणाच्या आग्रहाखातर बदलू नका), तर पहिलं सोशल सिक्युरिटी. फॉर्म एसएस-५, फी नाही, नंबर तोच राहतो. टॅक्स रिटर्नवरचं नाव तिथल्या नोंदीशी जुळलं नाही तर रिफंड रखडू शकतो, म्हणून हा क्रम. त्यानंतर ड्रायव्हिंग लायसन्स, बँक वगैरे. अमेरिकन पासपोर्ट निघून आणि नाव बदलून वर्ष व्हायचं असेल, तर डीएस-५५०४ हा फॉर्म भरून तो बिनाफी बदलून मिळतो. मात्र लग्नानंतर लगेच परदेशी जायचं असेल आणि तिकीट जुन्या नावावर असेल, तर परत येईपर्यंत पासपोर्टला हात लावू नका.