भाव १.९० चा, मग कंपनीचं मार्जिन नक्की किती?

लिंबूटिंबू:
बेटिंग कंपनीने एका सामन्यात दोन्ही बाजूंना सारखाच १.९० भाव दिलाय, म्हणजे १ लावून जिंकलं तर १.९० हातात. १ भागिले १.९० म्हणजे ५२.६३ टक्के, दोन्हींची बेरीज १०५.२६. म्हणजे कंपनीला ५.२६ टक्के सुटतात ना? एक मित्र ५ म्हणतो, आणि कंपनीच्या अहवालात तर याहून बराच मोठा आकडा आहे. खरं काय?

खतावणी:
मित्र बरोबर आहे. ५.२६ हा ओव्हरराउंड, म्हणजे भावात किती पाणी घातलंय ते. दोन्हीकडे १०००-१००० लागले तर गल्ला २०००. कोणीही जिंको, वाटायचे १९००. उरले १००. लागलेल्या एकूण रकमेवर, म्हणजे टर्नओव्हरवर, ५ टक्के. हे झालं कागदावरचं. एकीकडे १५००, दुसरीकडे ५०० लागले आणि १५०० वाली बाजू जिंकली, तर २८५० द्यायचे आणि ८५० चा खड्डा! म्हणून एका सामन्यावरून मार्जिन कधीच काढू नये.

अहवालातला मोठा आकडा बहुतेक कॉम्बोमुळे, म्हणजे अनेक सामने जोडून लावलेली एकच बेट, सगळे जिंकले तरच पैसे. असे तीन सामने जोडा: प्रत्येकात १ मागे ०.९५ परत जातात, ०.९५ तीनदा गुणलं की ०.८५७, म्हणजे मार्जिन १४ टक्क्यांच्या वर. लोक एकेरी सोडून कॉम्बो लावू लागले की एकही भाव न बदलता कंपनीचा टक्का चढतो. धंद्यातली खरी हुशारी मला इथेच दिसते. गिऱ्हाईक भाव बघतं, गुणाकार नाही.

लिंबूटिंबू:
आणि रूलेट? एका शून्याच्या चाकावर ३७ घरं, म्हणजे कॅसिनोचे २.७० टक्के. मग टेबलाचा होल्ड, म्हणजे कॅसिनोकडे उरणारा टक्का, २० च्या आसपास कसा सांगतात?

खतावणी:
भाजक वेगळा. टेबलावर प्रत्येक डाव कोण लिहीत बसणार? चिप्स घेताना पेटीत पडलेले पैसे मोजतात, तो ड्रॉप. १०० च्या चिप्स घेतलेला माणूस जिंकलेलं परत लावत लावत एकूण ८०० लावतो. त्याचे २.७ टक्के २१.६, आणि ड्रॉप १००. झाला होल्ड २१.६ टक्के, चाक तेच! स्लॉट मशीन मात्र प्रत्येक बेट स्वतः मोजतं.

वजाबाकी:
बोनस म्हणून दिलेल्या फुकट बेटचंही बघा. ग्रॉस रेव्हेन्यू म्हणजे लागलेले वजा वाटलेले. बोनस त्यातून कधी काढायचे हे सगळीकडे सारखं नसतं. अहवालाची तळटीप वाचल्याशिवाय दोन कंपन्यांची तुलना करू नका.

लिंबूटिंबू:
वाचली. माझ्या अहवालातला टक्का बोनस वजा करूनच दिलाय. म्हणजे ग्रॉस याहूनही मोठा?

खतावणी:
हो.